आपोआप पेटणारा फ्लॅश

फ्लॅश पुन्हा आपोआप पेटला.

ताई खुर्चीत दचकली. कॅमेरा टेबलावर, हात मांडीवर, आणि कोपऱ्यातल्या स्टँडवरच्या फ्लॅशनं स्टुडिओभर लख्ख उजेड पाडला.

"मेल्या, तुला काय धाड भरली?" ती त्याला म्हणाली. एकटी काम करणारी माणसं वस्तूंशी बोलतात, त्यात वावगं काही नाही.

आज मात्र हे परवडणारं नव्हतं. दुपारी सोनार दागिने घेऊन येणार होता. त्याच्या नव्या कॅटलॉगचं काम मिळालं तर स्टुडिओ तगणार होता, नाहीतर दाराला कुलूप. एकेक गिऱ्हाईक गळत चाललं होतं, आणि गळून सगळं वर जात होतं, वरच्या मजल्यावरच्या नव्या स्टुडिओत.

त्या वरच्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्याचा जिना इमारतीच्या मागून, आणि हिचे गुडघे कुरकुरणारे. धाकटा भाऊ मात्र एकदा वर जाऊन भांडून आला होता.

"टकलू आहे, ताई. गुर्मी तर अशी, जणू कॅमेरा ह्यानंच शोधला!"

तेव्हापासून घरात त्याचं नाव टकलू पडलं.

भावाला ती बारक्या म्हणे. दारातून वाकून यावं लागण्याइतका वाढला, तरी बारक्याच. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचा मोठा केला, हातात कॅमेरा दिला, फ्लॅश लावायला शिकवलं. कॅमेऱ्यावर ट्रिगर, लांबच्या फ्लॅशखाली रिसीव्हर. बटण दाबलं की ट्रिगर इशारा देतो आणि फ्लॅश पेटतो. मधे वायर नाही, फक्त दोघांचा चॅनेल एकच हवा. पण पोरगं चॅनेलची चकती सारखी फिरवायचं, आणि ऐन समारंभात फ्लॅश मुका. शेवटी तिनं त्याचा कान पिळला होता.

"चॅनेल आणि माणूस सारखा बदलायचा नसतो, बारक्या!"

मग मात्र दोघांचेही ट्रिगर नऊवर बसले ते बसलेच. त्याचा मध्यंतरी कुठेतरी हरवला, तेव्हा बिचारा दिवसभर तोंड पाडून होता.

आज तो मदतीला हवा होता. पण सासरे अत्यवस्थ, म्हणून सकाळीच बायकोला घेऊन परगावी गेला. "फ्लॅश म्हातारा झालाय, ताई," जाताना म्हणाला. "तू तरी किती राबणार? बंद कर आता हे. मी आहे ना." तिचे डोळे भरून आले होते. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, असं तिनं शेजारणीलाही ऐकवलं.

तिनं फ्लॅशचं तोंड छताकडे वळवलं. सोन्यावर सरळ उजेड मारला की ते पितळ दिसतं. छतावर आपटून खाली आलेला उजेड मऊ असतो, सायीसारखा पसरतो. बोटातली अंगठी काढून तिनं काळ्या कापडावर ठेवली, बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला आणि बटण दाबलं. फोटो असा आला की तिचं तिलाच बरं वाटलं. दाखव म्हणावं टकलूला असा काढून!

तेवढ्यात सोनाराचा फोन आला. "ताई, आजचं राहू द्या. पुढे बघू."

पुढे म्हणजे वर, हे तिला कळलं. मग असा संताप आला की कान तापले.

फ्लॅश पेटला. थोड्या वेळानं परत. मग लागोपाठ दोनदा.

तिनं ट्रिगरमधली बॅटरीच काढली. तरी पेटला. तिनं रिसीव्हरची चकती तीनवर नेली, तर सगळं शांत. परत नऊवर आणली आणि लख्ख!

ताई एकटीच खदाखदा हसली. फ्लॅश धडधाकट होता. टकलूचाही चॅनेल नऊ होता! एवढे चॅनेल मोकळे पडलेत, नेमका नऊच सापडायचा होता मेल्याला. तो वर बटण दाबत होता आणि हिचा फ्लॅश खाली त्याची चाकरी करत होता.

तिनं भावाला फोन लावला. "अरे, ऐक ना, आपला फ्लॅश..."

"पुन्हा पेटला? टाकून दे म्हटलं ना," तो दबक्या आवाजात म्हणाला. "ताई, डॉक्टर आलेत. ठेवतो."

तो बिचारा कुठल्या घोरात, आणि आपलं काय चाललंय. तिला स्वतःचीच लाज वाटली. समोर फ्लॅश पुन्हा पेटायला लागला.

आता वर जायलाच हवं होतं. भांडायला नव्हे. टकलू असला तरी माणूसच आहे, नीट सांगितलं तर चॅनेल बदलेल. कठड्याला धरत, गुडघ्यांना शिव्या घालत ती मागचा जिना चढू लागली.

अर्ध्यावर सोनार भेटला. रिकाम्या हातानं उतरत होता. तिला पाहून ओशाळला.

"ताई, रागावला नाहीत ना? तुम्हीच काम सोडताय असं कळलं मला. तुमच्या आशीर्वादानंच चाललंय म्हणाले हे."

"माझ्या आशीर्वादानं? कोण म्हणालं?"

"वर म्हणाले," असं पुटपुटत तो भराभर खाली गेला.

म्हणजे टकलू खोटारडाही होता. येऊ दे बारक्याला, सांगते त्याला, असं म्हणत ती उरलेल्या पायऱ्या चढली. दार लोटलेलं होतं. फटीतून उजेड चमकला. ती कडी वाजवणार, इतक्यात आत एक बाई बोलली.

"अहो, खाली ताईंचा पण पेटत असेल. बदला ना तो चॅनेल."

आत कुणीतरी घसा खाकरला, आणि हुबेहूब ताईचा आवाज काढून म्हणालं, "चॅनेल आणि माणूस सारखा बदलायचा नसतो, बारक्या!"