झेंड्याचं माप

शिंपीकाका पक्षाचे जुने निष्ठावान. शेजारच्याच दुकानात थोरला भाऊ विरोधी पक्षाचे झेंडे शिवायला लागला, तेव्हा काकांनी मधलं दार विटा रचून बुजवून टाकलं. पुढे भाऊ गेला. त्याच्या अंगावर तोच झेंडा घातलेला पाहून काका खांदा द्यायलाही उठले नाहीत. "ज्यांना देव नको, घरची रीतभात नको, त्यांच्या झेंड्याखाली मी जाणार नाही," असं चारचौघांत ठणकावून सांगितलं.

काल दोन्ही पक्षांची युती झाली. नेत्यांनी हसत हसत एकमेकांना मिठ्या मारल्या आणि कार्यालयातून काकांना निरोप आला, "उद्याच्या सभेला दोन्ही झेंडे शंभर-शंभर लागतील. तुम्ही घरचेच, नाही म्हणू नका."

नेत्यांना शिव्या घालतच काका वर्षभरानं भावाच्या दारात उभे राहिले. "वहिनी, दादाकडे नमुन्याचा झेंडा असेल ना? मापापुरता द्या."

वहिनीनं दार अर्धंच उघडलं.



"एकच होता, भाऊजी, तो त्यांच्यावर घातला. तेव्हा आला असतात, तर माप घेता आलं असतं."