बाल्दोमेरोची झोळी

इंग्लंडात बांधलेली, महायुद्ध लढलेली, खलाशांचं बंड सोसलेली ती युद्धनौका चिलीच्या ताल्काउआनो बंदरातून भंगारात निघाली होती. बोट सुटण्यापूर्वी एदुविखेस वर चढली. तिचा नवरा बाल्दोमेरो याच बोटीवर भट्टीत कोळसा टाकत म्हातारा झाला आणि गेल्या वर्षी वारला. “तो झोपायचा कुठे, दाखव,” ती खलाशाला म्हणाली. “घरी पलंगावर तळमळायचा. मला वाटायचं, कुठल्यातरी बंदरात दुसरी असेल.” “काकी, त्या कोळशाच्या पोत्याला कोण विचारणार?” तो हसला. खाली नेऊन त्याने बाल्दोमेरोच्या जागी खलाशी झोपतात तसली कॅनव्हासची झोळी टांगली. बूट काढून ती आत शिरली. झोळी दोन्ही बाजूंनी अंगाभोवती मिटली आणि झुलू लागली. “सापडली,” ती पुटपुटली. “हीच ती दुसरी.” वरून भोंगा वाजला. “काकी, उठा, बोट सुटतेय!” “थांबू दे तिला जरा. मी तिच्यासाठी तीस वर्षं थांबले.”