विहिरीची गोष्ट

"बारा दिवस झाले, पोरगी अजून पाण्यात बुडबुडेच काढतेय," पोहण्याच्या तलावाच्या काठावरून हौसाआत्या म्हणाल्या. भावाची सात वर्षांची नात रेवा कमरेइतक्या पाण्यात कठडा धरून उभी होती. मास्तरांनी भिंतीवरच्या नियमांच्या पाटीकडे बोट दाखवलं: नवशिक्यांना ढकलू नये, टोपी-कॉस्च्यूमशिवाय कुणी पाण्यात उतरू नये.

आत्यांनी मग शेजारी बसलेल्या आयांना ऐकवलं, "आमच्या वेळी कसली पाटी न् कसला मास्तर. पाठीला वाळका भोपळा बांधला आणि थोरल्या काकाने दिलं विहिरीत ढकलून. चौथ्या दिवशी मी तळाची माती घेऊन वर आले."

घरी जाताना रेवाने विचारलं, "आत्याआजी, तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की. पण धाकटा काका आधीच खाली पाण्यात हात पसरून होता ना." बोलता बोलता आत्या थबकल्या. ही गोष्ट त्यांनी आजवर शंभरदा सांगितली होती, पण धाकटा काका तिच्यात पहिल्यांदाच आला होता.

त्याच आठवड्यात त्यांनी फॉर्म भरला, डॉक्टरांचा दाखला जोडला आणि चौसष्टाव्या वर्षी आयुष्यातला पहिला कॉस्च्यूम अंगात चढवला. रबरी टोपीत अंबाडा कोंबताना पाटीला दोन शिव्या हासडल्या. मग खोल टोकाला उतरून त्यांनी हात पसरले. मास्तरांनी शिट्टी तोंडाला लावली, पण आत्या नुसत्या पायांवर तरंगताना दिसल्या तशी खाली घेतली.

रेवा पायाची बोटं काठावर रोवून उभी होती. "भोपळा कुठंय?"

"भोपळा राहू दे," आत्या म्हणाल्या. "धाकटा काका खाली आलाय. मार उडी."