माघातली स्थळं

चहाचा ट्रे पाहुण्यांपुढे धरला आणि रत्नाला चौथी शिंक आली. कप बशीत हिंदकळले. पाचवी आली तेव्हा मुलाने आपला कप हळूच मागे सरकवला.

मुलाची आत्या भिकुबाई सोनगीरची. रत्नाच्या लाल डोळ्यांतून ओघळणारं पाणी ती टक लावून बघत होती. मग रत्नाच्या आईकडे, प्रमिलाबाईंकडे वळून म्हणाली, "पोर रडी राह्यनी का वं माय? राजी नही शे का ती?"

"राजी नसायला काय झालं! सर्दी आहे नुसती."

"मंग डोया इतला लाल का बरं शेतस?"

चार दिवसांनी नकार आला, पत्रिका जुळत नाही म्हणून. प्रमिलाबाई काय ते समजल्या. पोरीला क्षयबिय असावा, अशी शंका घेतली होती मेल्यांनी. गेल्या माघात दोन स्थळं अशीच गेली, यंदाच्या माघात हे तिसरं. पौषात कोणी मुलगी बघत नाही. माघ लागला की धुळ्यात बघण्याचे कार्यक्रम सुरू होतात, आणि नेमका माघ लागला की रत्नाचं नाक सुरू होतं. आषाढात चिंब भिजून यायची पोरगी, तेव्हा एक शिंक नाही!

"या वैशाखात अक्षता पडल्याच पाहिजेत," प्रमिलाबाई म्हणाल्या.

रत्नाचे वडील पंडितराव पाटबंधारे खात्यात कारकून होते. घरात त्यांचा आवाज क्वचितच ऐकू यायचा. "एप्रिलात बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा आहे तिची," ते म्हणाले. "तेवढी होऊ द्यावी."

"परीक्षा सासरी जाऊनही देता येते. स्थळं थांबत नाहीत."

पंडितरावांनी पेपरचं पान उलटलं.

ओव्याची पुरचुंडी झाली, वेखंड झालं, हळदीचं दूध झालं. शेवटी प्रमिलाबाईंनी मुलीला जळगावच्या डॉक्टरांकडे नेलं.

"ही सर्दी नाही, अ‍ॅलर्जी आहे," डॉक्टर म्हणाले. "कुठल्या तरी झाडाचे परागकण वाऱ्यावर येताहेत. शिंका कधी आणि कुठे येतात, ते कॅलेंडरवर लिहीत जा."

"दारात मोगरा आहे. उपटून टाकू?"

"वासाच्या फुलांचं काम किडे करतात, बाई. ज्याचं फूल तुमच्या नजरेतही भरत नाही, असं झाड शोधा."

अठ्ठ्याऐंशी सालच्या त्या कॅलेंडरवर फुल्या पडू लागल्या. ज्या दिवशी रत्ना वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे राखायला पुस्तक घेऊन गच्चीवर बसे, त्या दिवशी फुल्यांची नुसती माळ. एका दुपारी प्रमिलाबाई बिबडे उचलायला गेल्या, तर खालच्या पांढऱ्या धोतरावर हिरवट पिवळी भुकटी. त्यांनी मान वर केली. शेजारच्या लखीचंदशेठच्या परसातला वावळ! पान एक नाही, पण उघड्या फांद्यांना बारीक हिरवट झुपके लगडलेले. वीस वर्षं त्या हे झाड बघत होत्या. ते फुलतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

खात्री करायला त्यांनी एक तुरा रत्नाच्या नाकाशी धरला. अकरा शिंका! प्रमिलाबाईंना इतका आनंद झाला की हसूच आलं. मग लेकीचं फुललेलं नाक बघून कसंसंच झालं. त्यांनी पदराने तिचे डोळे टिपले. "माझी बाय ती! चुकलं गं माझं."

लखीचंदशेठ झाड तोडायला तयार होईनात. "पाखरं राहतात त्यावर. आमच्याच्यानं नाही होणार." मग प्रमिलाबाईंनी घराचीच घडी बदलली. खिडक्या बंद, कपडे आतल्या खोलीत वाळत, बाहेरून आलं की रत्नाचे केस धुवायचे. डॉक्टरांनी गोळी दिली होती, तिच्याने शिंका थांबल्या. पण चौथ्या स्थळापुढे पोरगी तीनदा जांभई देऊन बसली. "मुलगी झोपाळू वाटते," असा निरोप आला. कपाळ बडवून घ्यायचं तेवढं बाकी राहिलं.

पाचवं स्थळ फैजपूरचं होतं, मुलगा बँकेत. आता प्रमिलाबाईंनी धोका पत्करला नाही. मुलगी पाचोऱ्याला, आपल्या भावाच्या घरी दाखवायची ठरवली. आठ दिवस आधीच त्या रत्नाला घेऊन गेल्या आणि अख्खी गल्ली फिरून आल्या. कडुनिंब होता, शेवगा होता, वावळ कुठे नव्हता.

"अक्का, नवरा मुलगा शोधते आहेस की झाड?" मगनभाऊ हसून म्हणाला.

"तू गप रे!"

आठ दिवसांत एक शिंक नाही. पोरीचे डोळे कसे निवळशंख झाले. ती खिडकीशी बसून वाचायची आणि प्रमिलाबाई मनातल्या मनात वऱ्हाडाची यादी करायच्या.

कार्यक्रमाच्या सकाळी पंडितराव पहिल्या गाडीने धुळ्याहून आले. रत्नाने धावत जाऊन त्यांच्या हातातली कापडी पिशवी घेतली, ती आत ठेवली आणि साडी नेसायला गेली. तासाभराने पाहुणे आले. रत्ना ट्रे घेऊन उंबऱ्यात आली आणि शिंकली. मग शिंकतच राहिली. डोळे जास्वंदीसारखे लाल. मुलाच्या आईने नाकाला रुमाल लावला. चहा तसाच ठेवून मंडळी उठली.

प्रमिलाबाईंनी सगळा राग नवऱ्यावर काढला. "कोट झटकून यायचं कळत नाही? त्या झाडाखालूनच आलात ना? आठ दिवस जिवाचं रान केलं मी!"

"चुकलंच माझं," पंडितराव खाली मान घालून म्हणाले आणि कोट काढून मागच्या ओट्यावर गेले.

थोड्या वेळाने प्रमिलाबाईंचं मन खाऊ लागलं. पहाटेपासून उपाशी होता बिचारा माणूस. त्यांनी चहा केला आणि कप घेऊन मागच्या दाराशी आल्या. रत्ना डोळ्यांवर ओलं फडकं धरून वडिलांच्या शेजारी बसली होती.

"आबा," ती हळू आवाजात म्हणत होती, "पुढच्या खेपेला एवढा मोठा झुपका नका आणू. दोन तुरे पुरे होतात. पेपरांपर्यंत डोळे शाबूत राहायला हवेत ना!"