पियुष उठला तो दिवस

पियुष आज आपणहून उठला. अंघोळ केली, दाढी केली, चहासोबत दोन टोस्ट खाल्ले. दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडलेला मुलगा असा समोर येऊन बसल्यावर रुखमाबाईंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी मीठ-मोहरीने त्याची दृष्ट काढली आणि खिडकीतूनच शेजारणीला बातमी दिली.

त्याची बायको कामिनी मात्र घाबरली.

नैराश्यावरच्या गोळ्या सुरू होऊन आठवडाच झाला होता. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन समजावलं होतं. मेंदूतल्या पेशी रसायन सोडून एकमेकींना निरोप देतात आणि उरलेलं परत ओढून घेतात. गोळी ते ओढणं अडवते. रसायन लगेच वाढतं, पण पेशींना त्याच्याशी जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात, मन तेव्हा कुठे सावरतं. हातापायांत बळ मात्र कधीकधी आधीच येतं.

"अंगात उठायचंही बळ नसतं, म्हणूनच माणूस जिवाचं काही करून घेत नाही," ते म्हणाले होते. "उठायला लागला की एकटं सोडू नका."

सासूबाईंना तिने ताकदीच्या गोळ्या आहेत म्हणून सांगितलं होतं.

आता रुखमाबाईंना नवस आठवला. पोरगा अंथरुणातून उठला की अनवाणी रामटेकचा गड चढेल, असं त्या रामाला बोलून बसल्या होत्या. तोही एकटा. बायको सोबत गेली तर नवस फिटायचा नाही.

"जाय गा, आजच फेडून ये," त्या म्हणाल्या.

पियुषने लगेच गाडीची चावी मागितली. त्याचा चेहरा अगदी शांत होता. त्या शांतपणाचीच कामिनीला भीती वाटली. वर गडावर त्याच्याजवळ कोण असणार होतं?

तिने चावी मुठीत आवळली. ऊन फार आहे म्हणाली, पुढच्या महिन्यात जा म्हणाली. रुखमाबाई चिडल्या.

"देवाच्या कामात आडवी काहून येऊन राहिली वं?"

खरं सांगावं तर म्हातारी मटकन खाली बसेल. कामिनी नुसती दाराला पाठ लावून उभी राहिली. तिला रडू फुटलं.

पियुष तिच्याजवळ आला. त्याने हात पुढे केला. चावी त्याने घेतली नाही. तिची मूठच वरून गच्च धरली.

"माय," आईकडे न बघता तो म्हणाला, "मले एकट्याले पाठवू नोको."