मोकळा हूक

"दादा, या ग्लायडरने हवेत कोलांटी मारायची नाही, पंखावरच लिहिलंय," मी पुढची तार धरून म्हणाले. त्याच्या होणाऱ्या सासरचे कड्यावर मोबाईल काढून उभे होते.

"शाळा सोडलेली मला वाचून दाखवते! सोड तार."

"नाही सोडत. काय करशील?"

भडकून त्याने पंखाला अडकवलेला आपला हूक काढला, पंखाखालून बाहेर येऊन मला ढकललं आणि तसाच ग्लायडर उचलून धावला. ज्या हुकाने माणूस पंखाला लटकतो, तो त्याच्या पाठीवर मोकळाच हलत होता.

मी झेप घेऊन शेपटीचा दांडा ओढला. पंख काठावरच मुरमात घासला. त्याने हात उगारला. मी हूक दाखवला. हात तसाच राहिला.

"काय झालं, जावईबापू?"

"वारा पडलाय," दादा म्हणाला.

कड्यावरचा झेंडा फडफडत होता. मी अजून दांडा सोडला नव्हता.