आडोसा

कॉलर जोडायला अडतीस सेकंद. सहाव्या मशीनवरच्या बाईला आज जास्त लागत होते, म्हणून सेकंदराव स्टॉपवॉच घेऊन तिच्या मागेच उभा होता. सुपरवायझरचं खरं नाव शिलाई खात्यात कुणी घेत नसे. त्याने बटण दाबलं, तिने कापड सुईखाली सरकवलं, आणि कॉलर अर्ध्यावर असताना ती कलंडली ती थेट फरशीवर.

हाका मारल्या, हलवलं. श्वास नव्हता. कुणी रुग्णवाहिकेला फोन लावला, कुणी दाराशेजारच्या पेटीतलं हृदयाला झटका देणारं यंत्र धावत आणलं. झाकण उघडताच ते बोलू लागलं, लेकराला समजवावं तसं शांत: छातीवरचे कपडे काढा. पट्ट्या उघड्या अंगावर चिकटवा.

पुढे झालेले हात जागच्या जागी थांबले. सेकंदराव म्हणाला, कुणी हात लावू नका, आधी आडोसा करा. मग कापड शोधणं आलं. पहिलं पातळ निघालं, अंग दिसेल म्हणून त्यानेच परत पाठवलं. दुसरं आलं. चौघे पाठमोरे होऊन टोकं धरून उभे राहिले. यंत्र तेच तेच सांगत राहिलं.

काजं-बटणं करणारी मावशी वरच्या मजल्यावरून धापा टाकत आली आणि कापडाखालून आत शिरली.

"अजून तशीच ठेवलीत हिला?"

"मावशी, बाईमाणसाची लाज..."

"लाज जिवंत माणसाला असते, साहेब. आधी हिला जिवंत होऊ द्या."

धागे तोडायच्या कात्रीने तिने गळ्यापासून खालपर्यंत कपडा उभा कापला, पट्ट्या चिकटवल्या. यंत्राने सगळ्यांना दूर व्हायला सांगितलं. पडलेलं अंग एकदा उसळलं. काम संपलं की दाबतो तसं, सेकंदरावच्या अंगठ्याने स्टॉपवॉचचं बटण दाबलं.

मावशी छाती दाबत राहिली. दवाखान्याची माणसं आली तेव्हा नाडी लागत होती, कच्च्या दोऱ्यासारखी. स्ट्रेचर उचलता उचलता त्यांच्यातल्या एकीने विचारलं, पडल्यापासून झटका द्यायला किती वेळ गेला?

"चारेक मिनिटं असतील," सेकंदराव म्हणाला.

मावशी फरशीवरच बसली होती. "नीट बघून सांगा. आम्हाला कधी एक सेकंद सोडलात?"

त्याने मूठ उघडली.

"सहा मिनिटं, बारा सेकंद."

दवाखान्याच्या बाईने तेवढं लिहून घेतलं. त्यातला आडोशाला किती गेला, ते विचारलं नाही. स्ट्रेचर दाराबाहेर गेलं.

मागे चौघे अजून पाठमोरे, कापड धरून उभे होते. आत कुणीच नव्हतं.